संमती नेमकी कशाला होती? एचआयव्ही संसर्ग आणि फौजदारी कायदा

प्रश्न थोडक्यात असा: दोघेही सज्ञान. एकाला एचआयव्ही आहे, दुसऱ्याला ते माहीत आहे आणि तो म्हणतो, मला चालेल. पुढे त्यालाही संसर्ग होतो. मग गुन्हा घडला का? पहिल्याने मुद्दाम संसर्ग दिला आणि दुसऱ्याने तो मागून घेतला, तर? आणि काहीच न सांगता दिला असेल, तर तो बलात्कार, दुखापत की खुनाचा प्रयत्न?

फौजदारी वकिली करताना हे प्रश्न मी तीन प्रकारच्या माणसांकडून ऐकले आहेत. एक फसवला गेलेला, दुसरा आरोप झालेला आणि तिसरा असा, की ज्याच्यावर कसलाच आरोप नाही, पण ‘उद्या कोणी तक्रार केली तर’ या धास्तीत तो वर्षानुवर्षे जगतो आहे. तिघांशी बोलताना सुरुवात एकाच ठिकाणाहून करावी लागते. ‘संमती होती का’ एवढे विचारून भागत नाही, ती कशाला होती हे विचारावे लागते. शरीरसंबंधाला संमती, त्या संबंधातल्या धोक्याला संमती आणि प्रत्यक्ष आजार ओढवून घ्यायला संमती या तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत. एक दिली म्हणजे बाकीच्या दोन आपोआप दिल्या असे होत नाही. या विषयावरचे बहुतेक वाद, कोर्टातलेसुद्धा, या तिन्हींची गल्लत झाल्याने चिघळलेले आहेत.

गल्लत किती जुनी आहे ते पाहायचे तर इंग्लंडमधला 1888 चा क्लॅरन्स खटला पाहावा. नवऱ्याला परमा झालेला होता, त्याला ते ठाऊक होते, बायकोला नव्हते. तिला रोग लागला. खालच्या कोर्टाने त्याला दोषी धरले, पण प्रकरण 13 न्यायाधीशांपुढे गेले आणि 9 विरुद्ध 4 अशा बहुमताने शिक्षा रद्द झाली. तर्क असा, की पत्नीने संबंधाला संमती दिली होती. कृत्य काय आहे आणि समोरचा माणूस कोण आहे याबद्दल तिची फसवणूक झाली नव्हती, म्हणून संमती शाबूत. शिवाय लग्न झाले म्हणजे संमती कायमचीच, ही त्या काळची समजूत निकालाच्या मुळाशी होतीच. हा निर्णय शंभरहून अधिक वर्षे टिकला. एचआयव्हीची पहिली प्रकरणे आली तेव्हा वकिलांच्या हाती हेच हत्यार होते.

ते मोडीत निघाले 2004 मध्ये, डिका खटल्यात. आपल्याला एचआयव्ही आहे हे माहीत असलेल्या पुरुषाचे दोन स्त्रियांशी असुरक्षित संबंध होते, दोघींना संसर्ग झाला. खटला 1861 च्या शरीराविरुद्धच्या गुन्ह्यांच्या कायद्यातल्या कलम 20 खाली चालला, म्हणजे गंभीर इजा पोचवणे, जास्तीत जास्त शिक्षा 5 वर्षे. खालच्या न्यायाधीशांनी ज्यूरीला सांगून टाकले होते, की स्त्रियांना त्याचा आजार माहीत होता की नव्हता याने फरकच पडत नाही, इतक्या गंभीर इजेला संमती देताच येत नाही. अपील न्यायालयाने दोन गोष्टी केल्या. बेपर्वाईने दिलेला संसर्ग ही कलम 20 ची इजा होऊ शकते, क्लॅरन्सचा निकाल आता धरायचा नाही, हे सांगितले. त्याच दमात हेही सांगितले, की जोडीदाराला आजार माहीत होता आणि त्याने धोका पत्करला होता, तर गुन्हा होत नाही, आणि हा मुद्दा ज्यूरीपासून काढून घेणे चूक होते. फेरखटला झाला आणि आरोपी पुन्हा दोषी ठरला, पण तत्त्व कायम राहिले.

अपील न्यायालयाने दिलेली उदाहरणे मला आजही महत्त्वाची वाटतात. धर्मश्रद्धेमुळे गर्भनिरोधक न वापरणारे जोडपे, ज्यांतल्या एकाला एचआयव्ही आहे. मूल हवे म्हणून जाणूनबुजून धोका घेणारे तरुण जोडपे. अशा माणसांच्या खोलीत फौजदारी कायदा शिरला, तर तो कोणाचे रक्षण करतो आहे? धोका पत्करणे हा माणसाच्या खाजगी आयुष्याचा भाग आहे, हे कोर्टाने मान्य केले.

पुढच्याच वर्षी, 2005 मध्ये, कॉन्झानी खटल्यात बचाव पक्षाने हे तत्त्व ताणून पाहिले. अनोळखी माणसाशी असुरक्षित संबंध ठेवणारी कोणतीही सज्ञान व्यक्ती धोका स्वीकारतेच, म्हणून तीही संमतीच, असा युक्तिवाद झाला. कोर्टाने तो फेटाळला. आंधळेपणाने धोक्यात पाऊल टाकणे वेगळे आणि धोका समजून घेऊन त्याला हो म्हणणे वेगळे. संमती जाणतेपणाने दिलेली हवी. समोरच्याला माहीत आहे असे आरोपीला प्रामाणिकपणे वाटत होते का, हा बचाव उरतो. दोघांचीही दवाखान्यात गाठ पडली असेल किंवा तिसऱ्या कोणी सांगितले असेल, तर तो खराही असू शकतो. पण स्वतः गप्प राहायचे आणि मग ‘मला वाटले त्याला कळले असेल’ म्हणायचे, हे प्रामाणिकपणात बसत नाही.

इथवर बेपर्वाईचे झाले. आता मूळ प्रश्नाचा अवघड भाग: मुद्दाम दिलेला आणि मागून घेतलेला संसर्ग. इंग्लिश कायद्याचे उत्तर इथे फिरते. 1993 च्या ब्राऊन प्रकरणात हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तिथल्या त्या वेळच्या सर्वोच्च न्यायालयाने, 3 विरुद्ध 2 मतांनी ठरवले, की लैंगिक सुखासाठी परस्परसंमतीने केलेल्या इजांनासुद्धा, त्या किरकोळ नसतील तर, संमतीचा बचाव नाही. डिकाच्या निकालात ही रेषा एचआयव्हीला लावली गेली: धोक्याला संमती चालते, हेतुपुरस्सर आजार देण्याला चालत नाही. 2021 च्या घरगुती अत्याचारविषयक कायद्यात कलम 71 आले. लैंगिक समाधानासाठी गंभीर इजा करून घ्यायला दिलेली संमती हा बचाव नाही, हे त्यात लिहिले आहे. पण त्याच कलमात एक अपवाद आहे. लैंगिक संबंधातून लागणारा आजार असेल आणि समोरच्याने आजार आहे हे जाणून किंवा तसे मानून संबंधाला संमती दिली असेल, तर ही बंदी लागू नाही. हा अपवाद 1861 च्या कायद्यातल्या कलम 20 आणि 47 (कमी गंभीर शारीरिक इजा पोचवणारा हल्ला) पुरताच आहे. त्याच कायद्यातले कलम 18, म्हणजे गंभीर इजा करण्याच्याच हेतूने केलेली इजा, ज्याला जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे, ते अपवादात घेतलेले नाही. तेव्हा ‘मला दे’ म्हणणाऱ्याला त्याच हेतूने दिला, तर तिथे मागणाऱ्याची संमती देणाऱ्याला वाचवत नाही.

ही रेषा मला पटते, पण ती सुखाने पटत नाही. तीच दोन माणसे, तेच कृत्य, तोच परिणाम. एका जोडप्याने ‘झाला तर झाला’ म्हटले म्हणून गुन्हा नाही आणि दुसऱ्याने ‘होऊ दे’ म्हटले म्हणून जन्मठेपेचा गुन्हा. मनातल्या एका शब्दावर एवढा डोलारा उभा आहे. शिवाय ‘मागून घेणाऱ्या’ माणसाला आपण भेटलो, तर त्यामागे बऱ्याचदा सततच्या भीतीचा थकवा असतो, एकटेपणा असतो, जोडीदारापासून वेगळे राहायचे नाही ही ओढ असते. त्याला समुपदेशकाची गरज असते. अशी प्रकरणे कोर्टात क्वचितच येतात आणि आली तर नाते तुटल्यावर येतात, तेव्हा तिथे दोघांच्या आठवणीतली संमती एकसारखी राहिलेली नसते.

खरा, निर्भेळ हेतू कसा दिसतो? 2017 मध्ये इंग्लंडमध्ये एका तरुणाला कलम 18 खाली दोषी ठरवले गेले. पाच पुरुषांना संसर्ग दिला होता आणि आणखी पाच जणांना द्यायचा प्रयत्न केला होता. त्याने उपचार नाकारले होते, कंडोमला छिद्रे पाडली होती, आणि नंतर त्या माणसांना टोमणे मारणारे संदेश पाठवले होते. 2018 मध्ये जन्मठेप झाली, किमान 12 वर्षे तुरुंगात राहण्याच्या अटीसह. हेतू सिद्ध व्हायचा तर पुरावा या तोडीचा लागतो. ‘माहीत असून सांगितले नाही’ म्हणजे ‘मुद्दाम दिला’ नव्हे. न सांगण्याची कारणे असंख्य असतात आणि त्यांतले सर्वांत मोठे भीती असते: मार, घरातून हकालपट्टी, नोकरी, गावभर बोभाटा.

आता बलात्काराचा मुद्दा. आजार लपवला म्हणून संबंधाचीच संमती खोटी ठरते का? इंग्लंडमध्ये 2006 च्या अपील निकालानुसार नाही. संबंधाला संमती होती, ती तशीच राहते, लपवल्याचा जाब इजेच्या कलमाखाली विचारायचा. कॅनडाने उलटी वाट धरली. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने 1998 च्या क्युरिअर खटल्यात म्हटले, की गंभीर शारीरिक हानीचा लक्षणीय धोका असताना आजार लपवणे ही फसवणूक आहे आणि तिच्यामुळे संमतीच रद्द होते. परिणामी संसर्ग झालाच नाही तरी गंभीर लैंगिक हल्ल्याचा आरोप लागू शकतो आणि त्याची कमाल शिक्षा जन्मठेप आहे. 2012 मध्ये माबिओर प्रकरणात त्यांनी मोजपट्टी थोडी बदलली: संसर्गाची वास्तव शक्यता असेल तरच सांगण्याचे बंधन, आणि व्हायरल लोड, म्हणजे रक्तातले विषाणूचे प्रमाण, कमी असून कंडोमही वापरला असेल तर ती शक्यता नाही. दोन्ही एकत्र हवेत, हा आग्रह वैद्यकशास्त्राने लवकरच मागे टाकला. अखेर 2018 च्या शेवटी तिथल्या केंद्रीय महान्यायवाद्यांनी आपल्या अखत्यारीतल्या सरकारी वकिलांना निर्देश दिले, की व्हायरल लोड मिलिलीटरला 200 कॉपींच्या खाली टिकून असेल तर खटला भरू नये.

माझे मत विचाराल तर इंग्लिश वाट अधिक स्वच्छ आहे. आजार लपवणे हा मोठा विश्वासघात आहे, हे मान्य. पण त्याला बलात्कार म्हटले, तर बलात्कार या शब्दाचा अर्थ विरघळतो आणि ज्याच्यापासून कोणालाही काही झाले नाही असा माणूस जन्मभर लैंगिक गुन्हेगारांच्या यादीत अडकू शकतो.

भारतात चित्र आणखी वेगळे आहे. एचआयव्ही संसर्गासाठी स्वतंत्र फौजदारी कलम इथे नाही. 1860 च्या दंड संहितेत कलम 269 आणि 270 होते: जीवघेण्या रोगाचा संसर्ग पसरण्याचा संभव असलेले कृत्य निष्काळजीपणे केले तर 6 महिने, द्वेषबुद्धीने केले तर 2 वर्षांपर्यंत कैद. 1 जुलै 2024 पासून हीच कलमे भारतीय न्याय संहितेत 271 आणि 272 म्हणून आली. यांत संसर्ग प्रत्यक्ष व्हावा लागत नाही, संभव पुरतो. ही कलमे संहितेतल्या सार्वजनिक आरोग्याच्या विभागात बसवलेली आहेत, याकडे मात्र फारसे लक्ष जात नाही. संमतीने केलेल्या हानीला माफ करणारे जुने कलम 87, आजचे 25, फक्त अठराच्या पुढच्या व्यक्तीला आणि मृत्यू किंवा जबर दुखापत करण्याचा हेतू किंवा तशी जाणीव नसेल तिथेच लागू होते. शिवाय जुने 91, आजचे 29, सांगते की संमती देणाऱ्याला झालेल्या हानीपलीकडे जे कृत्य स्वतःच गुन्हा आहे, त्याला हा बचाव नाही. दोन्ही कलमे एकत्र वाचली की मागून घेतलेल्या संसर्गाबाबत भारतीय कायद्यातही देणाऱ्याची वाट अरुंदच दिसते. आणि आजार लपवून मिळवलेल्या संमतीसाठी जुने 90, आजचे 28, आहेच: वस्तुस्थितीच्या गैरसमजातून दिलेली संमती, आणि समोरच्याला तो गैरसमज माहीत असणे.

‘दुखापत’ या शब्दाच्या व्याख्येत शारीरिक वेदना आणि अशक्तपणा यांच्या जोडीला ‘रोग’ हा शब्द 1860 पासूनच आहे. इंग्लंडला जी गोष्ट कोर्टात भांडून मिळवावी लागली, ती आपल्या पुस्तकात आधीपासून लिहिलेली होती. प्रश्न उरतो तो जबर दुखापतीचा. तिथे ‘जिवाला धोका’ हा निकष आहे. आज एआरटी, म्हणजे एचआयव्हीवरचे औषधोपचार, वेळेवर सुरू केलेला माणूस जवळजवळ इतरांइतकेच आयुष्य जगतो. तेव्हा एचआयव्ही आजही त्या निकषात बसतो का, यावर दोन्ही बाजूंनी चांगला युक्तिवाद होऊ शकतो.

खुनाच्या प्रयत्नाबद्दल दिल्ली उच्च न्यायालयाचा 2020 चा निकाल वाचावा. आपल्याला एचआयव्ही आहे हे माहीत असलेल्या माणसाने बलात्कार केला होता आणि खालच्या कोर्टाने त्याला बलात्काराबरोबर कलम 307 खालीही दोषी धरले होते. उच्च न्यायालयाने बलात्काराची शिक्षा ठेवली, 307 काढून टाकले. केवळ एचआयव्ही असताना ठेवलेला संबंध म्हणजे खुनाचा प्रयत्न मानला, तर प्रत्येक एचआयव्हीबाधित माणसाचा प्रत्येक संबंध त्यात येईल, ही अडचण कोर्टाने ओळखली.

भारताचा 2017 चा एचआयव्ही आणि एड्स कायदा, जो 10 सप्टेंबर 2018 पासून लागू झाला, त्याचे कलम 10 मी प्रत्येक अशिलाला वाचून दाखवतो. ज्याला आपला एचआयव्ही माहीत आहे आणि ज्याचे समुपदेशन झाले आहे किंवा ज्याला तो कसा पसरतो याची जाणीव आहे, त्याने संसर्ग टाळण्यासाठी वाजवी खबरदारी घ्यायची. खबरदारी म्हणजे धोका कमी करणारे उपाय किंवा संबंधाआधी अथवा सुई वाटून घेण्याआधी सांगणे. यातला ‘किंवा’ महत्त्वाचा आहे. त्यापुढे एक परंतुक आहे: सांगितल्याने स्त्रीवर हिंसा होईल, तिला टाकून दिले जाईल किंवा तिच्या आरोग्यावर, सुरक्षिततेवर, मुलांवर वा मालमत्तेवर गंभीर परिणाम होईल अशी रास्त भीती असेल, तर लैंगिक संबंधापुरते हे बंधन तिला नाही. ज्यांनी हे परंतुक घातले त्यांनी घरांच्या आतले जग पाहिलेले होते.

आता पुरावा. माझ्या मते कायद्यापेक्षा इथेच माणसे जास्त उद्ध्वस्त होतात.

कोणाला आधी कळले यावरून कोणाला आधी झाला हे ठरत नाही. गरोदरपणात तपासणी होते, म्हणून अनेक घरांत बाईचा अहवाल पहिला येतो, आणि आजार तिनेच आणला असा शिक्का त्याच संध्याकाळी बसतो. नवऱ्याची तपासणी झालेलीच नसते. विषाणूच्या जनुकीय तुलनेबद्दलही लोकांचा भलताच विश्वास असतो. दोन माणसांचे विषाणू एकमेकांच्या किती जवळचे आहेत हे ती सांगते. जवळचे नसतील तर आरोप जवळपास कोसळतो, हा तिचा खरा उपयोग. जवळचे असले तरी अमक्याने तमक्याला दिला हे त्यावरून निर्विवाद ठरत नाही. दिशा उलटी असू शकते, मधे तिसरा माणूस असू शकतो. अमेरिकेत लुइझियानामध्ये एका डॉक्टरने आपल्या पूर्वीच्या प्रेयसीला संसर्गित रक्त टोचल्याच्या खटल्यात 1998 मध्ये ही तुलना मांडली गेली आणि तो दोषी ठरला, पण तिथे इतर पुरावाही होता. उलट बेनगाझीच्या रुग्णालयात चारशेहून अधिक मुलांना मुद्दाम एचआयव्ही दिल्याच्या आरोपावरून पाच बल्गेरियन परिचारिका आणि एका पॅलेस्टिनी डॉक्टरला लिबियात देहदंड सुनावला गेला होता. जनुकीय अभ्यासाने दाखवले, की तो विषाणू ते लोक मार्च 1998 मध्ये तिथे येण्याआधीपासूनच फिरत होता. 2007 मध्ये ते सुटले, पण तोवर आयुष्याची आठ वर्षे तुरुंगात गेली होती.

धोक्याचे आकडेही कोर्टापुढे नेमके ठेवावे लागतात. उपचार आणि कंडोम दोन्ही नसताना, स्त्रीला बाधित पुरुषापासून योनिमार्गे संसर्ग होण्याची शक्यता दर 10,000 संबंधांमागे सुमारे 8, गुदमार्गे घेणाऱ्याला सुमारे 138 धरली जाते. उपचार चालू असून विषाणू रक्तात सापडत नसेल, तर लैंगिक संबंधातून संसर्ग होत नाही. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पार्टनर-2 अभ्यासात 782 पुरुष जोडप्यांमध्ये कंडोमविना सुमारे 76,000 संबंध नोंदले गेले आणि जोडीदाराकडून आलेला एकही संसर्ग आढळला नाही. नियमित गोळ्या घेणारा माणूस बेपर्वा आहे असे म्हणायला मग आधार उरत नाही. म्हणून बाधित अशिलांना मी सांगतो, व्हायरल लोडचे सगळे अहवाल तारखेनिशी जपून ठेवा. सांगण्यात जिवाला धोका नसेल तर जोडीदाराला सांगा, शक्यतो समुपदेशकासमोर, म्हणजे तिथे नोंद राहते.

आणि आपली फसवणूक झाली असे ज्याला आज कळले आहे, त्याने आधी दवाखाना गाठावा, पोलीस ठाणे नंतर. संबंधाला 72 तास झाले नसतील, तर प्रतिबंधक औषधे सुरू करता येतात आणि ती 28 दिवस घ्यायची असतात. जितके लवकर तितके बरे. संदेश, तारखा, आधीचा स्वतःचा निगेटिव्ह अहवाल असेल तर तो, हे सगळे काही पुसून न टाकता ठेवावे. समाजमाध्यमावर समोरच्याचे नाव टाकू नये. त्याने खटला बळकट होत नाही, उलट स्वतःवर बालंट येते.

तक्रार करायचीच ठरली, तर 2017 च्या कायद्याचे कलम 34 लक्षात ठेवा. बाधित व्यक्तीने अर्ज केल्यास कोर्ट तिचे नाव वगळून टोपणनावाने प्रकरण चालवू शकते, सुनावणी बंद दालनात घेऊ शकते, ओळख छापायला मनाई करू शकते. ही सोय फिर्यादीला आहे, तशीच आरोपीलाही. वकिलाला हा अर्ज पहिल्याच तारखेला द्यायला सांगा, कारण नाव एकदा कामकाजाच्या यादीत चढले आणि कोणीतरी त्याचा फोटो काढला, की नंतर मिळालेल्या आदेशाचा फारसा उपयोग होत नाही.